एकशे सत्तावीस दात्यांचं चाक

आमच्या बैठकीच्या भिंतीवर, देवाच्या तसबिरींच्या ओळीतच, एक बिडाचं दातेरी चाक टांगलेलं आहे. ताटाएवढं आहे, आणि वजनाला चांगलंच जड. घरात सून आली तेव्हा तिनं ते भंगारवाल्यासाठी बाजूला काढलं होतं. मी कधी आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी चढवला. संपादकांनी आयुष्यभराच्या कामाबद्दल लिहा म्हणून कळवलं, तेव्हा माझी नजर पहिल्यांदा त्या चाकावरच गेली. नाहीतर लेथवर काम करणाऱ्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं काय असतं? लोखंड फिरवलं आणि त्याची साल काढली, संपलं.

सेलूला स्टेशनाकडून मोंढ्याकडे, म्हणजे धान्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान होतं. पत्र्याचं छप्पर, एक लेथ, एक भाता आणि भोकं पाडायचं एक यंत्र, एवढा संसार. मी पाटीवर 'इंजिनिअरिंग वर्क्स' असं रंगवून घेतलं होतं. लोक खरादखाना म्हणत आणि शेवटपर्यंत तेच म्हणत राहिले. लेथ विलायती होता, वयानं माझ्याहून मोठा. पोलीस ॲक्शननंतर एका बंद पडलेल्या जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचं, सामान विकायला निघालं, त्यात तो मला मिळाला. त्याच्याबरोबरची निम्मी चाकं कुठं गेली ते जुन्या मालकालाही ठाऊक नव्हतं.

जिनिंगचे रोलर आणि शाफ्ट यांवर माझी चूल पेटायची. बाकीची गिऱ्हाइकं मात्र नाना तऱ्हेची. चारठाण्याहून एक गृहस्थ बैलगाडीच्या चाकांच्या झिजलेल्या बुशी, म्हणजे आसाभोवती बसणाऱ्या लोखंडी नळ्या, घेऊन आले. मी नव्या करून दिल्या, इतक्या चपखल की गाडीचा खडखडाट साफ बंद झाला. आठवड्यानं गृहस्थ हजर. "मिस्त्री, बैलं चालंनात. आवाजच न्हाई तर त्येन्ला वाटायलंय मागं गाडीच न्हाई. व्हती तशी ढिली करून द्या." मी जन्मात पहिल्यांदा चांगलं काम मुद्दाम बिघडवलं. ते खूश होऊन गेले, आणि मी दिवसभर स्वतःशी चिडत बसलो.

आता ज्यांनी लेथ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. स्क्रूला ज्या पिळाच्या खाचा असतात त्यांना आम्ही आटे म्हणतो. आटे पाडायचे तर लेथवर काम एकीकडे गोल फिरतं आणि दुसरीकडे हत्यार आडवं सरकत जातं. एका फेऱ्यात हत्यार किती सरकायचं, हे मधली दातेरी चाकं ठरवतात. इकडं पंचवीस दात्यांचं आणि तिकडं ऐंशीचं लावलं की एक आटा पडतो, चाकं बदलली की वेगळा. माझा लेथ इंचाचा होता. त्या काळात आमच्याकडं येणारं बहुतेक सगळं यंत्र इंचाचंच असायचं, त्यामुळं माझं काही अडत नव्हतं.

आणि मग कौसाबाई आल्या.

नवे पैसे येऊन थोडेच दिवस झाले होते आणि लोक अजून हिशेब आण्यातच करत होते, त्या सुमाराची गोष्ट. दिवाळी होऊन गेलेली. सोनपेठकडच्या गोदाकाठच्या एका गावाहून ही बाई दोन गाड्या बदलून सेलूला आली होती. वय पस्तिशीचं असेल, कपाळ मोकळं, पदर खोचलेला. पदराच्या गाठीतून तिनं लोखंडाचे दोन तुकडे आणि एक नट काढून माझ्यापुढं ठेवला.

"मिस्त्री, ह्ये असंच्या असं दुसरं पायजे."

तो स्टड होता. इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण दाबून धरणारा बोटाएवढा जाड दांडा, दोन्ही टोकांना आटे. मधोमध मोडलेला.

"इंजिन कोणतं?" मी विचारलं.

"इलायती हाय. पर इंग्रजाचं न्हाई म्हणत्यात. पाटी कुनालाच वाचता येईना. परभनीला दोगातिगाला इचारलं. त्येनी हात वर केले अन् तुमचं नाव सांगितलं."

हे इंजिन मुंबईच्या गोदीवरच्या लिलावातून फिरत फिरत त्यांच्या गावी पोचलं होतं. नऊ घरांनी मिळून ते घेतलं होतं आणि नदीचं पाणी उपसून काठच्या जमिनीत गहू केला होता. कल्पना कौसाबाईंची. ही नऊ घरं दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जात आणि उन्हाळ्यात परत येत. बाईंचा नवरा एका वर्षी फडावरच तापानं गेला होता.

"लेकरं फडावर जल्मत्यात, फडावर वाढत्यात. शाळंचं तोंड बघत न्हाईत," ती म्हणाली. "म्या साऱ्यास्नी बोलले, औंदा पाणी लावू, गहू करू, कुनी जायाचं न्हाई. पयलं पाणी देलं, लय झ्याक उगवला. दुसऱ्या पाण्याला ह्ये मोडलं. आता गहू सुकायलाय अन् मुकादम रोज चकरा मारायलाय. पुढल्या बाजारापतुर थांबतो म्हणलेत सारे. मंग गाड्या जुंपायच्या."

"तुम्ही काय करणार?"

"माज्या एकलीच्यानं इंजिन चालतं व्हय?"

मोडलेला स्टड मी मापून पाहिला. आटे मापायच्या माझ्याकडच्या इंचाच्या एकाही गेजाला तो बसेना. मग पट्टीच्या दुसऱ्या कडेनं, मिलिमीटरनं मापला, तेव्हा लख्ख कळलं: बरोबर दोन मिलिमीटरला एक आटा. हैदराबादला मला काम शिकवणारे उस्ताद सांगत, की इंचाच्या लेथवर मिलिमीटरचे आटे पाडायला एक खास चाक लागतं, एकशे सत्तावीस दात्यांचं. ते जुन्या मालकाकडंच हरवलं होतं. इंजिनातलं भोक मोठं करून इंचाचा जाड स्टड बसवावा म्हटलं तर बाई सांगत होती की भोकाच्या कडेला बिडाची भिंत पातळ आहे, पलीकडंच पाणी खेळतं. म्हणजे तोही मार्ग बंद.

मी हिशेब केला. चाळीस दात्यांच्या चाकाला एकशे सत्तावीसचं पाहिजे. माझ्याकडच्या पंचवीस आणि ऐंशीच्या जोडीनं चाळीसला एकशे अठ्ठावीसचं काम होतं. एका दात्याचा तर फरक! मी स्टड केला, बाईनं आणलेल्या नटावर फिरवून पाहिला. लोण्यासारखा गेला. मी इतका खूश झालो की स्टड बाईच्या हाती न देता स्वतः बसवायला निघालो.

नदीकाठी सगळी मंडळी जमली होती. गहू वीतभर झालेला, पण टोकं पिवळी पडू लागली होती. मी स्टड भोकात धरला आणि बोटांनी फिरवला. चार-पाच आटे सहज गेले. मग जड झाला. मग अडला. मागं एक गडी दगडावर कोयत्याला धार लावत होता, त्याचा खसखस आवाज तेवढा येत होता. दुसरा एक जण म्हणाला, "ठोका की, जाईल." त्यानं हातोडा उचललाच होता, मी त्याचा हात धरला. ठोकला असता तर इंजिन कायमचं गेलं असतं.

काय झालं होतं ते तेव्हाच माझ्या ध्यानात आलं. एका आट्यामागं केसाएवढी चूक. नट आखूड, त्यात तेवढी चूक खपून गेली. भोक खोल, तिथं ती साचत गेली.

माझी मान खाली गेलेली पाहून कौसाबाई जवळ आल्या. कोयत्याकडं बोट करून म्हणाल्या, "तिकडं नगा बघू मिस्त्री. तुमी तुमचं करा. अजून बाजार यायचाय."

परत येताना गाडीत माझ्या डोक्यात एकच आकडा फिरत होता. सेलूत उतरलो आणि घरी न जाता थेट गणिताच्या मास्तरांकडं गेलो. हे मास्तर निजामाच्या काळात उर्दूतून गणित शिकलेले आणि शिकवलेले. राज्य बदललं, शाळा मराठी झाली, आणि पन्नाशीच्या घरात त्यांना वजाबाकी-भागाकार हे शब्द नव्यानं पाठ करावे लागले. वर्गात मराठीत सांगत आणि मनातल्या मनात उर्दूत करत. मी माझं दुखणं सांगितलं.

"पाच इंच म्हणजे बरोबर एकशे सत्तावीस मिलिमीटर," ते म्हणाले. "म्हणून ते चाक."

"ते कळलं. पण ते एकशे सत्तावीस मला फोडून द्या. साठ दात्यांचं चाक नसलं की मी वीस आणि तीसच्या जोड्या लावून काम भागवतो, तसं."

मास्तरांनी पाटी घेतली. दोननं जात नाही, तीननं नाही, पाचनं नाही, सातनं नाही, अकरानं नाही. खडू खाली ठेवला.

"पुढं?" मी म्हटलं.

"पुढं पाहायची गरजच नाही. तेरा तेरे एकशे एकोणसत्तर, म्हणजे आपण ओलांडून गेलो. तेरानं किंवा त्याच्या वरच्या कशानं भाग गेला असता, तर जोडीचा दुसरा आकडा तेराहून लहान निघाला असता, आणि लहान तर आपण सगळे पाहून झालो. आमच्या वेळी ह्याला मुफरद म्हणत. आता मूळ संख्या म्हणायचं. हिला कोणी फोडू शकत नाही, मिस्त्री. ती घ्यायची तर अख्खी घ्यायची."

"मग चाकच नवं करतो. गोलाचे एकशे सत्तावीस सारखे भाग कसे पाडायचे, तेवढं सांगा."

मास्तरांचा चेहरा पडला. "कंपास आणि पट्टीनं गोलाचे एवढे भाग करताच येत नाहीत. कोणाला जमलं नाही असं नव्हे. जमणं शक्यच नाही, हे सिद्ध झालेलं आहे."

गणित एवढं ठामपणे 'नाही' म्हणतं हे मला नवीन होतं. माझ्या धंद्यात 'नाही' म्हणजे 'आज नाही' एवढाच अर्थ. मी घरी गेलो, जेवलो, आणि बायकोशी विनाकारण भांडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्वारी आणायला मोंढ्यात गेलो. तिथं आबाजी मापाडी बसलेले. मापाडी म्हणजे बाजारात धान्य मापून देणारा माणूस. शेतकरी आणि व्यापारी दोघांचाही त्याच्या हातावर भरवसा लागतो. आबाजींची सत्तरी आलेली, आवाज मात्र खणखणीत. मापताना पहिल्या मापाला ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत, मग दोन, तीन, चार. मापं बदलणार, शेर-पायली जाऊन किलो येणार, असा कायदा झाल्याचं सगळ्यांना कळलं होतं, पण मोंढ्यात अजून जुनीच मापं चालत होती. आबाजी या विषयावर बोलत नसत. कोणी काढलाच तर खाकरत आणि ढिगाकडं वळत.

त्या दिवशी एका नव्या व्यापाऱ्यानं मापांचा नवा संच आणला होता आणि आबाजी तो तपासत होते. आमच्या मापांची रीत आजच्या मुलांना ठाऊक नसेल. सगळ्यात लहान नेळवं, मूठभर धान्याचं. दोन नेळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. सात मापं, प्रत्येक मागच्याच्या दुप्पट. गावोगावी नावात फरक असेल, दुपटीत नाही.

आबाजींनी सातही मापं एकेकदा शिगोशीग भरून पोत्यावर ओतली. मग त्या ढिगातून पायली भरली आणि बाजूला ओतली. दुसरी पायली भरायला घेतली. ती काठापर्यंत येता येता ढीग संपला. जराशी उणी राहिली. आबाजींनी नेळवं पुन्हा एकदा भरलं, त्यावर ओतलं, आणि पायली बरोबर शिगेला आली.

"माप खरं हाय," ते व्यापाऱ्याला म्हणाले.

"कशावरून आबा?" मी विचारलं.

"सातीच्या साती मापं एकदा ओतली की दोन पायलीला एक नेळवं कमी पडतंय. एकच. जास्त पडलं तर मापात खोट, कमी पडलं तरी खोट. माज्या आज्यापासून आमी असंच तपासायलोत." मग त्यांनी एक नेळवंभर ज्वारी उचलून मोंढ्याच्या अंगणात भिरकावली. चिमण्या तयारच होत्या. "अन् ह्ये पाखरांचं. तपासणीतलं एक नेळवं पाखरास्नी टाकायचं आसतंय."

मी तिथंच उभा राहून बोटांवर मोजलं. पायलीत नेळवी चौसष्ट. अधोलीत बत्तीस, शेरात सोळा, मापट्यात आठ, मग चार, दोन, एक. सगळी मिळून एकशे सत्तावीस. दोन पायलीत एकशे अठ्ठावीस, आणि त्यातलं एक पाखरांचं.

"आबा," मी ओरडलो, "चला माझ्यासंगं!"

"ज्वारी न्यायची न्हाई व्हय तुला?"

ज्वारी तिथंच राहिली. वाटेत शाळेतून मास्तरांनाही उचललं. वर्गाला कसला पाढा लिहायला लावून ते निघाले, आणि मागं पोरांनी जो गोंधळ घातला तो मोंढ्यापर्यंत ऐकू येत होता.

गोलाचे भाग होत नाहीत ना? मग गोल नकोच. कापसाच्या गाठी बांधायची लोखंडी पट्टी सेलूत हवी तेवढी मिळते. मी एक लांब सरळ पट्टी घेतली आणि कंपासनं तिचा मध्य काढला. अर्ध्याचा पुन्हा मध्य, त्या अर्ध्याचा पुन्हा. कोणत्याही सरळ गोष्टीचा मध्य काढणं सोपं असतं, आणि चुकला तर लगेच दिसतो. सात वेळा निम्मं केलं की पट्टीवर एकशे अठ्ठावीस सारखे भाग. टोकाचा एक भाग छिन्नीनं तोडून टाकला. राहिले एकशे सत्तावीस. मग लाकडाची एक मोठी चकती लेथवर हळूहळू तासत आणली, ती पट्टी तिच्याभोवती गुंडाळून दोन टोकं एकमेकांना अचूक भिडेपर्यंत. झाले गोलाचे एकशे सत्तावीस भाग!

मास्तर चकतीभोवती दोनदा फिरले. "पण हे सिद्ध... कंपास आणि पट्टीनं..." मग ते थांबले आणि हसू लागले. "बरोबर आहे. पट्टी वाकवायची परवानगी पुस्तकात नव्हती!"

मोडक्या जिनातलं एक बिडाचं चाक सोलून मी कोरा गोल तयार केला. लाकडी चकती त्याच्याच दांड्यावर पक्की केली. एक खूण टोकदार काट्याखाली आणायची, घट्ट धरायचं, एक खाच पाडायची. पुढची खूण, पुढची खाच. मोजायचं काम आबाजींनी आपणहून घेतलं. स्टुलावर बसून मोंढ्यातल्या त्याच आवाजात त्यांनी सुरुवात केली, "लाऽऽभ!" रस्त्यावरून जाणारे लोक आत डोकावू लागले. लोखंडाचं माप चाललंय असं कोणीतरी बाहेर सांगितलं, आणि दुकानापुढं ही गर्दी. एकानं तर भाव विचारला.

खाचा पाडून झाल्या. आबाजींचा शेवटचा आकडा आणि पट्टीची शेवटची खूण एकदमच आली. चाळीसाचं चाक इकडं, नवं तिकडं लावलं. लेथ सुरू केला. दाते एकमेकांत कसे बसतात ते पाहत मी वाकून उभा होतो, आणि शेजारी आबाजी 'चलायलंय, चलायलंय' म्हणत होते. नवा स्टड केला आणि या वेळी शहाणा होऊन त्याच आट्यांचा एक लांबलचक नट आधी केला, त्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टड फिरवून पाहिला. कुठंच अडला नाही.

मास्तर तोवर दुकानाच्या पत्र्यावर खडूनं काहीतरी लिहीत बसले होते. दोनाची दुप्पट, तिची दुप्पट, असं करत एक काढून टाकायचा, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. "प्रत्येक वेळी मूळ संख्या मिळत नाही," ते सांगू लागले. "चार मापं ओतली तर पंधरा, ती तीन आणि पाचनं फुटते. पण दोन मापांचे तीन. तीन मापांचे सात. सात मापांचे एकशे सत्तावीस. तिन्ही अख्खे. आणि मिस्त्री, एकशे सत्तावीस मापं घेतली, एकाहून एक दुप्पट, तर जी संख्या येते तीही मुफरद आहे. कैक वर्षं जगाला तिच्याहून मोठी मूळ संख्या माहीत नव्हती." आणि त्यांनी ती पत्र्यावर लिहिली:

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

आबाजींनी चष्मा वर करून ती ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. "एवढं धान्य ठिवायचं कुठं, मास्तर?"

"पृथ्वीवर मावायचं नाही, आबा."

"अन् त्येच्यातून बी एक नेळवं पाखरांचं?"

"त्यातूनही एकच."

आबाजींनी चष्मा खाली घेतला. मग म्हणाले, "मंग ह्यापरीस मोठी न्हाईच काय?"

"आहे. आता यंत्रावर त्याहून मोठ्या सापडल्या. अजून सापडतील. मूळ संख्यांना शेवट नाही, हे तर दोन हजार वर्षांपूर्वीच कळलेलं आहे."

हे ऐकून त्या म्हाताऱ्याला का कोण जाणे, पण फार बरं वाटलेलं दिसलं. मला तर भरून आलं. आपल्या पत्र्याच्या दुकानात, घाणेरड्या हातांनी, आपण कशाला तरी हात लावला जे कधी संपत नाही, असं काहीतरी वाटलं. तेव्हा शब्द सुचले नव्हते, आजही नीट सुचत नाहीत.

सोनपेठचा बाजार उजाडायच्या आत मी नदीकाठी पोचलो. मंडळी माझ्याआधीच जमली होती. मुकादमही येऊन उभा होता, तंबाखू मळत. मी स्टड भोकात धरला आणि पाना बाजूला ठेवून दोन बोटांनी फिरवू लागलो. चार आटे. पाच. सहावा, जिथं मागच्या वेळी अडला होता. तिथं मी क्षणभर थांबलो, खरं सांगतो, भीतीनं. मग फिरवला आणि तो जात राहिला, जात राहिला, तळाला टेकेपर्यंत. झाकण बसवलं, नट आवळले. दोघा गड्यांनी हँडल मारलं. इंजिन दोनदा खोकलं आणि धरलं. थोड्या वेळानं पाटात पाणी आलं. बायका पाटाच्या कडेनं पाण्याबरोबर चालत गेल्या, ते शेताच्या तोंडाशी पोचेपर्यंत.

कौसाबाई तिथंच उभ्या होत्या. पदरानं डोळे पुसून त्या मुकादमाकडं वळल्या. "दादा, च्या घिऊन जावा. गाडी मातर रिकामीच न्यावी लागंल."

तो भला माणूस निघाला. म्हणाला, "माजी बी लेकरं शाळंत न्हाईत, बाई," आणि चहा घेऊन गेला.

त्यानंतर मिलिमीटरची यंत्रं येतच गेली, आणि पार परभणीहून कामं माझ्याकडं येऊ लागली, कारण ते चाक आमच्या भागात माझ्याकडंच होतं. अनेक वर्षं चाललं, पण फारसं झिजलं नाही. तेही त्या संख्येच्या अख्खेपणामुळंच. जी संख्या कशानं फुटत नाही तितके दाते असले की चाकाचा प्रत्येक दाता समोरच्या चाकाच्या प्रत्येक दात्याला भेटून येतो, मगच पुन्हा पहिल्याकडं जातो. त्याच त्या दोन दात्यांची रोजची घासाघीस होत नाही. उस्ताद हे सांगायचे तेव्हा मी कान देत नव्हतो.

आबाजींची मापं मात्र गेली. तागडी आणि किलोची वजनं आली. म्हातारा रुसून घरी बसेल असं वाटलं होतं. तर तो महिन्याभरात तागडीवरही 'लाभ' म्हणू लागला. जुनी सात मापं त्यानं घरी उतरंडीशेजारी मांडून ठेवली होती. ती माझ्यासाठी मांडली गेली, ती मापं जायच्या आधीच्याच उन्हाळ्यात, कौसाबाईंच्या गव्हाची रास झाल्यावर.

कौसाबाई पोतं घेऊन सेलूला आल्या त्या मोंढ्यातच थांबल्या आणि मला बोलावणं पाठवलं. त्यांनी सगळी कहाणी स्टड बसवला त्या दिवशीच माझ्याकडून ऐकली होती. आबाजींना त्यांनी सातही मापं मांडायला लावली आणि गव्हानं एकेकदा भरून माझ्या धोतराच्या सोग्यात ओतायला सांगितली. "लाऽऽभ," आबाजी म्हणाले आणि पायली ओतली. मग अधोली, शेर, उतरत उतरत नेळव्यापर्यंत. गहू टपोरा होता. सोगा जड झाला.

बायकोला काय सांगायचं याचा विचार करत मी थट्टेनं म्हटलं, "कौसाबाई, दोन पायलीला एक नेळवं कमी आहे हं."

"कमी न्हाई मिस्त्री," त्या म्हणाल्या. "ते निगायच्या आदी गावातच टाकलं, खळ्यावर, पाखरांपुढं. माजी लेकरं उभी व्हती बघायला. दरसाली पाखरंच तेवढी ऱ्हायची गावात. औंदा आमी बी व्हतो."